जपानला निघालेले घरमालक

आमचे घरमालक उभ्या आयुष्यात पुण्यापलीकडे गेले नव्हते. पण टोकियोजवळच्या त्या मोठ्या थीम पार्कात सकाळी दार उघडलं की सगळे उजवीकडे धावतात, तेव्हा शहाण्यानं डावीकडे जावं, हे ते कुणालाही सांगत. विचारलं नाही तरी सांगत. दिवेआगरला सुट्टीसाठी आलेला माणूस सुरमईच्या तुकडीतला काटा काढण्यात गुंतलेला असायचा आणि काका त्याच्या डोक्याशी उभे राहून त्याला ओसाकाच्या पार्कातलं साधं तिकीट आणि रांग चुकवायचं तिकीट यांतला फरक समजावायचे. तो बिचारा नारळी-पोफळीच्या सावलीत दोन दिवस शांत बसायला आलेला असायचा. "काका, जरा सोलकढी मिळेल का?" एवढंच तो म्हणायचा.

मी त्यांच्याकडे तीन वर्षं भाड्यानं राहिले. माझी बोर्ली पंचतनच्या शाखेत बदली झाली होती. बँकेतल्या कुणीतरी सांगितलं, दिवेआगरला एक वाडीवाले आहेत, खाली पाहुण्यांसाठी खोल्या आहेत, वरची खोली रिकामी आहे, माणसं चांगली आहेत, फक्त बोलतात फार. मी घाटावरची. मला खारट हवेची सवय नाही आणि फार बोलणाऱ्यांची तर अजिबातच नाही. खोली बघायला गेले, तर भाड्याचं बोलणं राहिलं बाजूला, काकांनी पहिला प्रश्न केला, "म्याडम, तुमच्या ब्यांकेत जपानचे पैसे मिळतात काय?"

मी म्हटलं, "आमच्या शाखेत दहा रुपयांचे सुट्टे मिळाले तरी नशीब समजा."

"मंग भाव तरी कळंल ना रोजचा?"

भाव कळेल म्हटल्यावर खोली मिळाली. त्या दिवसापासून संध्याकाळी मी फाटकात पाऊल टाकलं की चहाच्या आधी येनचा भाव सांगायचा, असा आमचा नेम पडला. एखादे दिवशी विसरले तर मी काहीतरी ठोकून द्यायची. पण काकांनी तोवर मोबाइलवर बघितलेलाच असायचा. मग माझ्याकडे असे बघायचे की मला शाळेत असल्यासारखं वाटायचं. तरी दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारायचेच.

फाटकाशी एक काळा फळा होता. एका बाजूला त्या दिवशीचं जेवण आणि थाळीचे दर, दुसऱ्या बाजूला जपान. वाऱ्यानं फळा फिरला की रस्त्यावरून जाणाऱ्यांना बांगडा थाळीच्या जागी क्योटोत राहायचा खर्च दिसायचा. जपानच्या बाजूला सगळा हिशेब नारळात असे. रुपयांवर काकांचा विश्वास नव्हता. रुपया आज आहे तो उद्या नाही, नारळ मात्र नारळच असतो, असं त्यांचं म्हणणं. पार्कचं मोठ्या माणसाचं एका दिवसाचं तिकीट म्हणजे दोनेकशे नारळ. टोकियोहून ओसाकाला जाणाऱ्या जलद गाडीचं तिकीट ऐकून ते पहिल्यांदा ओट्यावर मटकन बसलेच होते. "अख्खं झाड चढून खाली केलं तरी एक माणूस बसत न्हाय त्या गाडीत," असं दोन दिवस येईल-जाईल त्याला सांगत होते. मग रात्रीच्या बसनं जायचं ठरलं आणि फळ्यावरचे नारळ कमी झाले. त्या दिवशी त्यांनी मला गूळ घातलेली तांदळाची फेणी खायला दिली, तीही स्वतःहून.

काकी हे सगळं कपाळाला हात लावून बघायच्या. सकाळी चाराला उठून पाहुण्यांचे मोदक वळणारी ती बाई. तिला जपानचं काही नव्हतं. काका सांगायचे, तिथं रांगेत तास न् तास उभं राहावं लागतं, सवय पाहिजे. म्हणून जेवण झाल्यावर ते अंगणात उभे राहायचे, बसायचे नाहीत, टेकायचेही नाहीत. हातात काकींची पिशवी धरायची, कारण रांगेत बायकांच्या पिशव्या पुरुषांनाच धराव्या लागतात, हे एका पाहुण्यानं सांगितलेलं. काकी भांडी घासता घासता म्हणायच्या, "उभं ऱ्हाऊन जपान येत असतं तर आमची गाय कवाच पोचली असती." काका हलायचे नाहीत. मच्छर चावायचे तरी हलायचे नाहीत.

जपान पाहून आलेला पाहुणा भेटला तर त्याला मोदक फुकट. सिंगापूरवाल्याला, दुबईवाल्याला पूर्ण दर. ही खबर कशी कोण जाणे बाहेर फुटली आणि एका वर्षी जपानला जाऊन आलेल्यांची संख्या एकाएकी वाढली. पुण्याच्या एका गृहस्थांनी मोदक रिचवले आणि पार्कात उंट असतात असं सांगितलं. काकांनी त्यांचं बिल शांतपणे तयार केलं, त्यात मोदकांचे पैसे लावले आणि शिवाय तळाशी लिहिलं, उंट आपल्या किनाऱ्यावर असतो. गृहस्थांनी पैसे मुकाट दिले.

सुकटीवरून आमचं एकदा चांगलंच वाजलं. तिकडचं जेवण परवडणार नाही म्हणून तांदळाचं पीठ, मेतकूट आणि डबाभर सुकट न्यायची, असं त्यांच्या मनात. मी म्हटलं, "काका, विमानतळावर अडवतील. असलं काही नेऊ देत नाहीत."

"का म्हून? ती लोकं मासंच खातात ना?"

"खातात, पण नियम असतो."

"मासं खाणारा माणूस सुकटीला अडवंल? म्याडम, तुमी घाटावरच्या, तुमाला त्यातलं कळायचं न्हाय."

मी त्या दिवशी त्यांना येनचा भाव सांगितला नाही.

हे सगळं आता लिहिताना हसू येतं, पण ते तोंडाशीच राहतं. कारण मला ठाऊक आहे की या सगळ्या खुळ्यासारख्या हिशेबांच्या तळाशी एक साधी गोष्ट होती, आणि ती घडली नाही.

ते मोठं वादळ आलं तेव्हा मी तिथं नव्हते. काकींनीच कधीतरी सांगितलं. एका दुपारी अख्खी वाडी आडवी झाली. काकांच्या आजोबांनी लावलेल्या पोफळी काडेपेटीतल्या काड्यांसारख्या पडल्या. कौलं गेली, वीज महिनाभर आली नाही. मुलगा खारघरला नोकरीला. तो रस्ता मोकळा झाल्यावर आला, वाडी बघितली आणि म्हणाला, "पप्पा, विकून टाका. इथं आता काय राहिलंय?" काकांनी त्याच्याशी बोलणंच टाकलं. तो परत गेला. पुढं वर्षभर दोघं एकमेकांशी बोलले नाहीत, काकींच्या मार्फत बोलत. नात तेव्हा पाच वर्षांची. तिच्या आजोबांशी फोनवर गप्पा चालू होत्या, कारण तिला भांडण कळत नव्हतं. तिनं एकदा विचारलं, "आजोबा, तुम्ही आमच्याबरोबर कधीच कुठे का येत नाही?" हे खरंच होतं. मुलगा, सून, नात सुट्टीत कुठं कुठं जायचे आणि काका-काकी वाडीला पाणी घालत बसायचे. काकांनी पोरीला विचारलं, "तुला कुठं जायचंय, बाय?" तिच्या दप्तरावर कुठल्या तरी जपानी कार्टूनचं मांजर होतं. ती म्हणाली, जपानला. आणि काका बोलून गेले, "मंग मी नेतो. सगळ्यांना नेतो."

त्या एका वाक्यानं बाप-लेकांचं बोलणं सुरू झालं. मुलाला हसायला आलं असणार, पण त्यानं फोन घेतला आणि म्हणाला, "पप्पा, किती खर्च येतो माहितीय का?" काका म्हणाले, "काढतो." तेव्हापासून काढतच होते.

माणूस किती काटकसर करू शकतो हे मी बँकेत राहून पुष्कळ पाहिलंय. पण हे वेगळं होतं. पडलेल्या पोफळींच्या जागी त्यांनी नवी रोपं लावली, पाहुण्यांच्या खोल्या वाढवल्या, आणि आलेल्या पैशातला एक भाग न चुकता आमच्या शाखेत जपानच्या नावानं ठेवला. पैसे जमत होते. अडचण पैशाची नव्हतीच. अडचण दिवसांची होती.

याचा उलगडा त्यांनी मला एका पावसाळी दुपारी केला. पाहुणे नव्हते, ओट्यावर बसून ते सुपारी सोलत होते. "म्याडम, बघा. मे म्हैन्यात पोरीला सुट्टी, तवा आपल्याकडं पावन्यांची रांग. वर्षाचं पोट त्या म्हैन्यावर. दिवाळीला तेच, नाताळला तेच. लोकांच्या सुट्ट्या म्हंजे आमचा हंगाम. जानेवारी ते एप्रिल वाडीला शिपणं, एक दिवस चुकवता येत न्हाय, आणि पोरीची परीक्षा. जूनला मी घर सोडणार न्हाय." जूनचं कारण त्यांनी सांगितलं नाही. सांगायची गरजही नव्हती, वादळ जूनमध्ये आलं होतं. "जुलैला तिची शाळा. नोव्हेंबरला सुपारी उतरवायची. आता सांगा, कवा जायचं?"

मी विचार करून बघितला. खरंच वर्षात जागा नव्हती. सबंध गावाची ही गत असणार, पण गावानं ती मनाला लावून घेतलेली नव्हती. दुसऱ्यांच्या सुट्ट्या साजऱ्या करून देणाऱ्या माणसाला स्वतःची सुट्टी कुठून मिळणार? आणि पोरगी वाढत होती. बारा वर्षांची झाली की पार्कात आणि विमानातही तिचं मोठ्या माणसाचं तिकीट. पण ते नारळांचं दुखणं काका उगाच पुढं करत. खरं दुखणं वेगळंच होतं. ते म्हणायचे, "बारानंतर पोरी आजोबाचा हात धरून चालत न्हाईत." हे ते हसत म्हणायचे. मला ते ऐकवत नसे.

मग एके दिवशी संध्याकाळी मी आले तर काका भाव विचारायलाच विसरले. फळ्यासमोर उभे होते. म्हणाले, "म्याडम, जागा हाय वर्षात. एकच हाय. गणपती."

मला क्षणभर काही कळेना. मग कळलं. गणपतीत शाळांना सुट्टी असते. कोकणात त्या दिवसांत पाहुणे येत नाहीत, कारण सगळी मुंबई आपापल्या गावी आपापल्या गणपतीपुढं बसलेली असते. पाऊस पडत असतो म्हणून वाडीला शिपणं लागत नाही. सुपारी तयार नसते. जूनचं भय टळलेलं असतं. वर्षातले तेवढेच आठ-दहा दिवस रिकामे. फक्त त्या दिवसांत कोकणातला कुणीही माणूस घर सोडत नाही.

काकांच्या घरी गौरी-गणपती. हे त्यांच्या भावकीचं मूळ घर, म्हणून सगळ्या चुलत्या-पुतण्यांचा गणपती त्यांच्याकडे. मुंबईतून, पनवेलहून माणसं यायची, माजघरात पाय ठेवायला जागा नसायची. गौरीबरोबर विसर्जन व्हायचं तोवर काकी चुलीपुढून उठायच्या नाहीत. आता काकांनी काय काढलं, तर गणपती दीड दिवसाचा करायचा. दुसऱ्या दिवशी विसर्जन, चौथ्या दिवशी विमान.

काकींनी पीठ मळता मळता हात थांबवला. "ज्या देवानं वादळात घर राखलं त्याला दीड दिवसात वाटंला लावायचा?"

"देव समजून घेतो," काका म्हणाले. "पोरगी न्हाय थांबत."

काकींनी पीठ पुन्हा मळायला घेतलं. आठवडाभर जेवणात मीठ कमी पडत होतं, एवढंच मला कळलं.

भावकी मात्र बोलली. काकांचे थोरले चुलतभाऊ वाडीच्या पलीकडंच राहत. शांत गृहस्थ. ते आले तेव्हा मी ओट्यावर बसले होते, मला उठून जावं की नाही कळेना. त्यांनी आवाज चढवला नाही. म्हणाले, "तुझी अडचण मला समजली. पण गौरी उपाशी परत पाठवता येत न्हाय. तुला जमत नसंल तर आमी आमच्याकडं आणतो. पाट दे."

हा पाट म्हणजे फणसाच्या लाकडाचा, गुळगुळीत झालेला. श्रावण लागला की तो मूर्तिकाराकडे द्यायचा आणि चतुर्थीला त्याच्यावर बसून गणपती घरी यायचा. ज्या घरचा पाट, त्या घरचा गणपती. काकांच्या पणजोबांपासून तो पाट त्यांच्या माळ्यावर होता. काका उठले, शिडी लावून वर गेले, पाट खाली आणला, पंच्यानं पुसला, खोबरेल लावलं आणि भावाच्या हातात दिला. भाऊ म्हणाले, "एकदा गेला का परत यायचा न्हाय, बघ." काका म्हणाले, "म्हाईत हाय." भाऊ गेल्यावर काका बराच वेळ शिडी धरून उभे होते. मग ती जागेवर ठेवून आले आणि मला विचारलं, "म्याडम, आज भाव?"

काकांनी स्वतःसाठी प्लायवुडचा एक नवा पाट करून घेतला. विमानाची तिकिटं काढली. पैसे परत न मिळणारी काढली, कारण ती स्वस्त. "आता मागं फिरायचंच न्हाय तर परत कशाला घ्यायचे?" मला ते बरोबरच वाटलं. व्हिसाचं काम मुलाकडं. त्याच्या ओळखीचा एजंट होता. पाचही पासपोर्ट त्याच्याकडं दिले. काका विचारायचे तेव्हा मुलगा म्हणायचा, "पप्पा, टेन्शन नका घेऊ, प्रोसेसमध्ये आहे."

आणि रोज संध्याकाळी नातीचा फोन. काका स्पीकर लावायचे, अर्ध्या वाडीला ऐकू जायचा. आधी आधी पोरगी हो-हो करायची आणि पळायची. त्या पावसाळ्यात मात्र ती थांबायला लागली. पहिल्या दिवशी काय करायचं, दुसऱ्या दिवशी काय, उंच पाळण्यात आजी बसेल का, असं स्वतःहून विचारायची. काका इतके खुलायचे की मला माडीवर बसूनही हसू यायचं. मला वाटलं, पोरीला आता खरंच ओढ लागली. एकदा तिनं मध्येच विचारलं, "आजोबा, पुढच्या वर्षी गेलो तरी चालेल ना? मला फुल तिकीट पडलं तरी चालेल."

"छ्या. या वर्षीच."

"मग गणपती पूर्ण ठेवू या ना. दीड दिवसाचा नको. मला गौरीत फुगड्या घालायच्यात."

"तिकडून आल्यावर घाल फुगड्या," काका म्हणाले. फोन ठेवल्यावर मला म्हणाले, "लेकराला दोन्ही पायजेत." त्यांना त्याचंही कौतुक.

चतुर्थीच्या आदल्या दिवशी मुलगा, सून, नात आली. मुलाचं तोंड सुकलेलं. मला वाटलं, प्रवासाचं असेल. गणपती आला, प्लायवुडच्या पाटावर. मखर तेच जुनं, पण माजघरात आम्ही सहाच माणसं, त्यातली मी भाडेकरू. आरतीला झांजा वाजवायला हात पुरेनात. पलीकडच्या घरातून मात्र दणदणीत आरत्या ऐकू येत होत्या, त्यांत काकांच्या पुतण्यांचे आवाज ओळखू यायचे. काकांनी आपली आरती मोठ्यानं म्हटली. दुसऱ्या दिवशी किनाऱ्यावर विसर्जन केलं. परतताना काकींनी एकदाही मागं वळून बघितलं नाही. काका मात्र भरभर चालत होते. घरी आल्या आल्या त्यांनी बॅगा बाहेर काढल्या, वजनाचा काटा आणला आणि एकेक बॅग तोलायला घेतली.

तिसऱ्या दिवशी दुपारी मी ओट्यावर होते. बँकेला सुट्टी होती. काकी तांदळाचं पीठ पिशव्यांत भरत होत्या. सुकटीचा डबा त्यांनी चादरीत गुंडाळून ठेवलेला मला दिसला. मुलगा आतून आला. त्याच्या हातात पाच पासपोर्ट होते. ते त्यानं काकांच्या समोर सतरंजीवर ठेवले आणि उभाच राहिला.

"पप्पा, आपण जात नाही."

"तिकडं वादळ हाय काय? सकाळी तर बघितलं मी."

"वादळ नाही. माझी नोकरी गेली, पप्पा. जूनमध्येच गेली. व्हिसाला कंपनीचं पत्र लागतं, पगाराचे कागद लागतात. मी अर्ज केलाच नाही."

काकांनी पहिला पासपोर्ट उचलला. उघडून पानं उलटली. मग दुसरा. पाचही पासपोर्ट त्यांनी पहिल्यापासून शेवटच्या पानापर्यंत बघितले, सगळी पानं कोरी होती. मी बँकेतली बाई, कागद बघायची सवय असलेली, पण मला ते बघवेना. मुलगा सांगत होता की दुसरी नोकरी लागेल असं वाटत होतं, दोन ठिकाणी शेवटपर्यंत आलं होतं, लागली असती तर धावपळ करून अर्ज केला असता, आणि रोज सांगायचं ठरवायचो पण फोनवर तुमचा आवाज ऐकला की धीर व्हायचा नाही. त्याला रडायला येत होतं. काकांनी त्याला बस म्हणून खूण केली. रागावले नाहीत. त्यांनी एवढंच विचारलं, "पोरीला म्हाईत हाय?"

मुलानं दाराकडं बघितलं. नात दाराच्या चौकटीला टेकून उभी होती. तीच म्हणाली, "मला माहिती होतं, आजोबा."

"कवापासून?"

"शाळा सुरू झाली तेव्हापासून. मम्मी म्हणत होती सांगू या. मीच म्हटलं नको. तुम्ही फोनवर किती खूश असायचात."

म्हणजे सगळा पावसाळा. रोज संध्याकाळी तो माणूस पोरीसाठी जपान रचत होता आणि पोरगी त्याच्यासाठी ते रचू देत होती. उंच पाळण्यात आजी बसेल का हे तिनं विचारलं तेव्हा तिला ठाऊक होतं की आजी कुठल्याच पाळण्यात बसणार नाही. मला त्या अकरा वर्षांच्या पोरीचं कौतुक वाटायला हवं होतं. मला नुसतं भडभडून आलं. कुणाचाच दोष नव्हता. सगळ्यांनी एकमेकांना जपलं होतं आणि त्यानंच सगळं गेलं होतं.

पलीकडं झांजा सुरू झाल्या. गौरी आल्या होत्या. काकींनी पिठाचे हात धुतले, लुगड्याचा पदर सारखा केला आणि मला म्हणाल्या, "म्याडम, येता काय?" गणपतीच्या दिवसांत कोकणात बोलावणं लागत नाही, कुणीही कुणाच्याही आरतीला उभं राहतं. आम्ही दोघी वाडीतून पलीकडं गेलो. माजघर गच्च भरलेलं होतं, दर वर्षी काकींच्या घरात असायची तीच माणसं. काकी मागं भिंतीशी उभ्या राहिल्या. लग्न होऊन आल्यापासून ज्या गौरींना त्यांनी ओवाळलं त्या गौरींना त्या लांबून बघत होत्या. मूर्तीखाली तो फणसाचा पाट होता, खोबरेलानं चमकत होता. आरती झाल्यावर त्या घरच्या सूनबाई पुढं आल्या आणि अगदी मनापासून, अगदी आदरानं म्हणाल्या, "बसा ना काकी. चहा घेऊन जा." पाहुण्यांना म्हणतात तसं. काकी म्हणाल्या, "नको गं, घरी बॅगा उघड्या हायत."

प्रसाद घेऊन आम्ही परतलो. काका तसेच बसले होते. नात त्यांच्या शेजारी, पण त्यांना चिकटून नव्हती, मधे पासपोर्ट होते. काकींनी काकांच्या तळहातावर पंचखाद्य ठेवलं. ते त्याकडं बघत राहिले.

"मला कुणीतरी सांगायचं व्हतं," ते म्हणाले. "जपान राहू दे. गणपती तरी ऱ्हायला असता."

पोरगी हळू म्हणाली, "मी म्हटलं होतं ना, आजोबा. पूर्ण ठेवू या म्हणून."

काकांनी मूठ मिटली.

"व्हय, बाय," ते म्हणाले. "तू म्हटलं व्हतंस."